माश्यांमधला 'य'

साऱ्या रत्नागिरीत माशी घोंघावत आली की हात न उगारता तिला बसायला जागा करून देणारा माणूस एकच होता, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. लग्न ठरवताना मुलीकडची माणसं बरंच काही सांगतात, पण हे कोणी सांगितलं नव्हतं. मी शाळेत मराठी शिकवतो आणि कुठे वेलांटी चुकलेली दिसली की माझं डोकं उठतं, हे मात्र त्यांना आधीपासून ठाऊक होतं. तेव्हा या सोयरिकीत फसवणूक झालीच असेल तर ती माझी झाली, असं मी हिला अजून ऐकवतो, आणि ही म्हणते, "मामाला पण विचारून बघा एकदा."

मामा हिवताप खात्यात होते. तीस वर्षं त्यांनी रक्ताच्या काचपट्ट्या आणि डास बघितले. अठ्ठ्याण्णव साली निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या बरोबरीच्या लोकांनी भजनी मंडळ धरलं, कोणी पहाटे भाट्याच्या पुलापर्यंत फिरायला जाऊ लागलं. मामांनी कुठल्याशा बंद पडलेल्या प्रयोगशाळेच्या भंगारातून एक पितळी सूक्ष्मदर्शक उचलला, पडवीतल्या झोपाळ्याच्या कड्या काढून तिथे टेबल लावलं आणि बसले. "आता काय करता?" असं कोणी विचारलं की ते साधेपणाने सांगत, "माश्या मारतो." समोरचा खदखदून हसे. एवढं हसण्यासारखं आपण काय बोललो, हे मामांना कधी कळत नसे, कारण ते अक्षरशः खरं होतं. सकाळी आठ ते बारा ते माश्या मारत, जेवून वामकुक्षी करत आणि चार वाजता मारलेल्या माश्या बघायला बसत.

सगळ्या माश्या नव्हेत. घरातल्या साध्या माशीला ते विचारतही नसत. हिरव्या-निळ्या चकाकणाऱ्या माशीला ते "नटवी" म्हणत आणि खिडकी उघडून वाट दाखवत. त्यांची माशी म्हणजे ती करड्या रंगाची, चांगली दांडगी, मांसावर नाहीतर मासळीवर बसणारी. "घरमाशीच्या पाठीवर चार पट्टे, हिच्या तीन," ते मला समजावत. "पोटावर बुद्धिबळाचा पट. डोळे लाल. आणि ही अंडी घालत नाही बरं का, जावईबापू. सरळ जिवंत पिल्लं सोडते." हे ते मी श्रीखंडाची वाटी हातात घेतली की सांगत. मामी आतून ओरडायच्या, "अहो, जावई जेवतोय!" त्यावर मामा आवाज खाली आणत आणि तेच पुन्हा, जरा जास्त तपशिलात सांगत.

त्यात घर पडलं शाकाहारी. कांदासुद्धा चातुर्मासात उंबऱ्याबाहेर. पण या माशीला बोलवायचं तर आमिष लागे, म्हणून मामा रोज सकाळी पिशवी घेऊन मासळीबाजारात जात. पहिल्याच दिवशी त्यांनी बांगडेवालीला विचारलं, "कालचा आहे का?" ती बाई जी खवळली! "माझ्याकडे कालचा नसतो, काका. नाव खराब करू नका, दुसरीकडे बघा." मामा गोंधळले, थोडा वेळ तिथेच उभे राहिले आणि म्हणाले, "बरं, मग हाच द्या. उद्या कालचा होईल." तेव्हापासून त्या रांगेतल्या बायका त्यांना बघून पदर तोंडाला लावत. मामा बांगडा आणत, परसातल्या पेरूखाली ठेवत, वर पातळ जाळीचं झाकण बांधत आणि जवळ स्टूल टाकून बसत. मामींनी त्या पेरूचं फळ पुन्हा कधी तोंडात घातलं नाही.

आता यातून काय व्हायचं ते झालंच. "आमच्या ह्यांना माश्यांचा नाद लागलाय," असं मामी विहिरीवर रडकुंडीला येऊन सांगत, आणि ऐकणाऱ्या बायका ऐकत, ह्यांना माशांचा नाद लागलाय. बोलताना दोन्हींत फरक कोण करतो? लिहिताना तेवढा तो एक य. त्यात हातात रोज मासळीची पिशवी. एका मुंजीत मी मामांच्या शेजारी पंगतीला बसलो होतो, तर वाढणाऱ्या गृहस्थांनी मठ्ठ्याचं भांडं आखडतं घेत मला हळूच विचारलं, "हे चोरून खातात, की उघडच?" मी म्हटलं, "खात नाहीत हो, बघतात फक्त." त्या भल्या माणसाच्या चेहऱ्यावर दया दाटून आली आणि त्यांनी मामांना जिलबी दोनदा वाढली.

गोंधळ एवढ्यावर थांबता तर बरं. या करड्या माश्यांच्या कितीतरी जाती, आणि सगळ्या दिसायला सारख्या. तीन पट्टे सगळ्यांना, पट सगळ्यांना, लाल डोळे सगळ्यांना. मी एकदा वैतागून म्हटलं, "मग ओळखायच्या कशा?" मामांनी आत मामी आहेत का बघितलं, खुर्ची जवळ ओढली आणि म्हणाले, "नराच्या मागच्या अंगावरून." म्हणजे नराचा जो भाग कपड्यांनी झाकायचा, तेवढाच प्रत्येक जातीत वेगळा. तो सुईने बाहेर ओढायचा, औषधात टाकून नितळ करायचा आणि काचेखाली बघायचा. मादी असेल तर बहुतेक वेळा हात टेकायचे. चारचौघांत हे सांगायचं कसं, म्हणून मामांनी त्या भागाला 'आकडा' असं सभ्य नाव दिलं होतं. "आकडा बघितल्याशिवाय मी काही सांगत नाही," असं ते ओट्यावरून कोणाला तरी म्हणाले आणि मामा मटका लावतात ही बातमी आठवड्याभरात माझ्या शाळेपर्यंत आली. आमच्या शिपायाने मला बाजूला घेऊन विचारलं, "तुमच्या मामांचा आजचा काय आहे?"

नर कसा ओळखायचा, तेही त्यांनी मला शिकवलं होतं. त्याचे दोन डोळे एकमेकांच्या जास्त जवळ असतात. हे मामींनी ऐकलं आणि त्या म्हणाल्या, "असणारच. नाकासमोरचं सोडून बाकी कुठे काय दिसतं त्याला?" मामांनी मान डोलावली. आपल्या शास्त्राला घरातून दुजोरा मिळाला याचा त्यांना आनंद झाला होता.

खरी गोष्ट सुरू झाली ती दोन हजार सालच्या दिवाळीनंतर. मिरकरवाड्याला सुकट वाळत घालायच्या ताडपत्र्यांवर मामांना एक नर सापडला. त्यांच्याकडच्या जाडजूड पुस्तकात नेहमीच्या जातीच्या आकड्याचं चित्र होतं, त्याचं टोक सरळ. या नराचं टोक दुभंगलेलं. मामांनी आठ दिवस बघितलं. मला बघायला लावलं. मला काचेखाली एक पिवळसर काहीतरी दिसलं आणि मी, "हो, हो, दुभंगलंय की," म्हणालो, कारण जेवायची वेळ झाली होती. मामा नेहमीसारखे खुलले नाहीत. चष्मा काढून पुसत म्हणाले, "जावईबापू, मामीला बोलू नका. मला काचबिंदू आहे. उजवा डोळा गेल्यात जमा. डावाही फार दिवस साथ देईल असं डॉक्टर म्हणत नाहीत. डास मी तीस वर्षं खात्यासाठी बघितले. ही एक गोष्ट मी माझ्यासाठी बघितली. हा नर नेहमीचाच आहे की वेगळा, एवढं दिसतंय तोवर कळलं पाहिजे."

इतके दिवस मी या माणसाची आमच्या स्टाफरूममध्ये नक्कल करून दाखवत होतो, त्याची मला लाज वाटली.

पुण्याला एक मोठं कार्यालय आहे, तिथे सगळ्या प्रकारच्या प्राण्यांचे जाणकार बसतात, त्याचं नाव मी सांगत नाही. तिथे नर पाठवायचं ठरलं. कॅमेऱ्याच्या रोळाच्या काळ्या डबीत बूच बसवून त्यावर टाचणीला तो नर, खाली इवल्याशा कार्डावर चिकटवलेला त्याचा आकडा, वर कापूस. पत्र मामांनी खात्याच्या शिस्तीत लिहिलं, पण अक्षर आता ओळी सोडून चालायचं, म्हणून सुवाच्य प्रत मी करायची होती. विषय होता : 'रत्नागिरी येथे आढळलेल्या मांसाहारी माश्यांपैकी एका वेगळ्या नराची ओळख पटवून मिळणेबाबत.' पत्रात तीन पट्टे होते, लाल डोळे होते, मिरकरवाड्याची सुकट होती. पंखांचा उल्लेख कुठेही नव्हता. माशीला पंख असतात हे कोणाला कळवायचं असतं, असं मामांना वाटणं साहजिकच होतं.

त्या दिवशी मी सहावीच्या चाचणीचे पेपर तपासून उठलो होतो. घसा, ससा, मासा यांची सामान्यरूपं. सगळ्या वर्गाने 'घश्याला, सश्याला, माश्याला' लिहून ठेवलेलं. शेवटी सा असला की सामान्यरूपात शा होतो, श्या होत नाही, हे मी वर्षभर कानीकपाळी ओरडलो होतो आणि दुपारभर तो य खोडून खोडून माझं लाल पेन संपलं होतं. त्याच तारेत मी मामांच्या पत्राला बसलो. 'माश्यांपैकी' दिसलं आणि हात आपोआप चालला. माशांपैकी. पुढे दोनदा आलं, दोनदा खोडलं. मक्षिकास्थाने मक्षिका ठेवायची एवढंच काम होतं, पण मी पडलो मराठीचा शिक्षक. सुंदर, टपोऱ्या अक्षरात मी 'मांसाहारी माशांपैकी एका वेगळ्या नराची' असं लिहिलं, मामांच्या सांगण्यावरून कार्बनची नक्कल काढली आणि डबी रजिस्टर करून आलो.

महिना-दीड महिना गेला. एका रविवारी मी मामांकडे असताना दारात स्कूटर थांबली आणि एक तरुण साहेब मोठी वही घेऊन आत आले. मासेमारीशी संबंधित कुठल्याशा कार्यालयातून आले होते, पुण्याहून त्यांना पत्र आलं होतं. मामांनी त्यांना हाताला धरून पडवीत नेलं. एवढ्या आदराने त्यांच्याकडे कोणी कधी आलंच नव्हतं.

"तुम्हाला तो केव्हा दिसला?" साहेबांनी वही उघडली.

"दिवाळी झाली आणि चार दिवसांनी."

"केवढा होता?"

"चांगला मोठा. अर्धा इंच भरेल."

साहेबांनी क्षणभर पेन थांबवलं, मग म्हातारा माणूस चुकला असेल असं समजून बहुधा फूट लिहिलं. "पकडला कसा?"

"जाळ्यात. एका झपाट्यात आला."

"माणसाला चावतो का? होड्यांवरचे तांडेल लोक विचारायला लागलेत हो, म्हणून यावं लागलं. दोन होड्या काल गेल्याच नाहीत."

"छे छे," मामा म्हणाले. "जिवंताला त्रास नाही त्याचा. मेलेल्यावर बसतो."

"बसतो?"

"दोन-तीनदा घिरट्या घालतो, मग बसतो."

पत्रातला मी खोडलेला य मला तेव्हाच आठवला. मादीबद्दल बोलणं असतं तर 'ती' म्हटल्यावर कुठेतरी उजेड पडला असता. पण सगळं नराबद्दल चाललेलं, त्यामुळे माझ्या मायबोलीच्या व्याकरणात एकही चूक न होता दोघेजण वेगवेगळ्या प्राण्यांबद्दल बोलत होते. मी तोंड उघडायला हवं होतं. मी पाण्याचा तांब्या उचलला आणि प्यायलो.

"आणि साधारण किती पाण्यात सापडतो?" साहेबांनी विचारलं.

"पाण्यात?" मामा चमकले. "पाण्यात पडला तर बुडून मरेल हो तो."

साहेबांनी वही हळूच मिटली. चहा घेतला, मामींना नमस्कार केला आणि जाताना मला फाटकाशी विचारलं, "यांना औषध वगैरे चालू आहे ना?" मामा पडवीत तसेच उभे होते. "भला मुलगा आहे," ते म्हणाले, "पण पाण्याचं काय काढलंन मध्येच?"

पुढच्याच आठवड्यात पुण्याहून डबी परत आली. बरोबर टाइप केलेलं पत्र. मामांनी ते मला वाचायला दिलं. 'आपण पाठविलेल्या डबीत मासा आढळून आला नाही. डबीत एक मृत कीटक शिरलेला होता, तो काढून टाकून डबी स्वच्छ करून परत पाठवीत आहोत. यापुढे मासा पाठविताना औषधात बुडवून पाठवावा.' मी वाचत होतो आणि मामा डबीचं झाकण काढून कापूस बाजूला करत होते. बुचावरून त्यांनी एक बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं. मग डबी माझ्यासमोर धरली. "मला नीट दिसत नाही. तुम्ही बघा बरं. आहे ना?"

"नाही, मामा," मी म्हटलं.

"कार्ड?"

"तेही नाही."

मामा दिवेलागणीपर्यंत ती डबी हातात घेऊन बसले. मामी तेवढ्या म्हणाल्या, "माशी शिंकली हो कुठेतरी," आणि ती माशी मी, हे सांगायला माझी जीभ रेटली नाही. घरी आलो तर हिने विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "डोकं दुखतंय."

दुसऱ्या रविवारी मी जाळं घेऊन मिरकरवाड्याला गेलो. मामांचा हात धरून, कारण डावा डोळाही आता उजेड-अंधार एवढंच सांगत होता. तिथे सुकट वाळत घालणारी हलीमाबी म्हणून एक म्हातारी होती, तिने आम्हाला ताडपत्रीच्या कडेला फळी दिली बसायला. "सगला गाव माशी हाकलतो, तुम्ही दोघं बोलावता," ती म्हणाली आणि आपल्या कामाला लागली. मी जाळं मारायचो, मामा विचारायचे. पट्टे किती? डोळ्यांत अंतर किती? मी बाटलीशी नाक लावून सांगायचो. बहुतेक माद्या निघायच्या. असे रविवार पावसाळा सोडून वर्षभर गेले. फळ्यावर मुलांनी 'सर माश्या मारतात' असं लिहून ठेवलं, तेव्हा मला राग यायच्या आधी दिसलं की य बरोबर आहे.

नर मिळाले, पण आकडा काढायला मला कुठे येत होता? मामा शेजारी बसून तोंडी सांगत, मी सुई धरी, आणि पहिल्या पाच नरांचा मी चुराडा केला. सहावा जमला. काचेखाली ठेवला, तर मला खरोखर कळेना की टोक सरळ आहे की दुभंगलेलं. एका बाजूने असं दिसे, दुसऱ्या बाजूने तसं. "जे दिसतंय तेच सांगा," मामा म्हणत, "मला बरं वाटावं म्हणून नको." शेवटी मी त्याचं चित्र काढलं, पाकिटावर बाहेरच्या बाजूला एक मोठी माशी काढली, दोन्ही पंखांसकट, आणि नर, आकडा, चित्र सगळं पुन्हा पुण्याला पाठवून दिलं.

या वेळी उत्तर तिथल्या एका जाणकार बाईंचं आलं, स्वतःच्या हातचं. आकडा छान काढला आहे, असं लिहिलं होतं. जात नेहमीचीच होती. आकडा ओढताना सुई लागली तर टोक दुभंगल्यासारखं दिसू शकतं, पण एखाद्या नराचं खरंच तसं असलं तर तो वेगळा असू शकेल, तो बघायला मिळाला तर आवडेल, असंही होतं. मी एकेक शब्द जसाच्या तसा वाचला.

मामा बराच वेळ खुर्चीच्या हातावर बोट आपटत राहिले. "म्हणजे हा नेहमीचा," ते म्हणाले. "मग तो कोण होता?"

त्याचं उत्तर आता पुण्यात, रत्नागिरीत, कुठेच नव्हतं. ते कुठल्याशा टेबलावरून झटकून केराच्या टोपलीत गेलं होतं. माझ्याच्याने राहवेना. मी म्हटलं, "मामा, ती चूक माझी. पत्रातला य मी खोडला. तुम्ही बरोबर लिहिलं होतंत." एवढं बोलून मी खाली बघत राहिलो.

"माहीत आहे मला," मामा म्हणाले. "नक्कल फायलीला लावलेली आहे. डबी परत आली त्याच दिवशी मामीकडून वाचून घेतली. दोनदा अक्षर लावायला सांगितलं तिला."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तुम्हाला तोंड दाखवायला संकोच वाटला असता. आला नसतात मग." त्यांनी माझा हात चाचपून धरला. "तो गेला तो गेलाच, जावईबापू. पण डोळे गेल्यावर माझ्याकडे दर रविवारी कोण येणार होतं? माश्यांचं कोण बोलणार होतं माझ्याशी?"

मामी चहा ठेवून गेल्या तरी मी कप उचलला नाही. तेवढ्यात मामांनी मान जराशी कलती केली. बशीजवळ काहीतरी येऊन बसलं होतं, त्यांनी ते आवाजावरून ओळखलं. "बघा बरं," ते हळू म्हणाले, "पट्टे किती?"

"तीन."

"नर की मादी?"

मी वाकून बघितलं. डोळ्यांतलं अंतर कमी वाटलं, मग जास्त वाटलं, आणि मग माझ्याच डोळ्यांत पाणी आल्यामुळे काहीच दिसेना. "नाही कळत, मामा."

"मग उद्या या," मामा म्हणाले.